अर्ध्या टाकीवर बंद पडणारं इंजिन

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मिनेसोटातल्या आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट जवळजवळ चारशे मीटर लांब आहे, आणि तिच्यावरचा बर्फ काढणं आमचं आम्हालाच करावं लागतं. त्यासाठीच आम्ही एक जुना स्किड स्टीअर लोडर घेतला होता. त्या दिवशी गुडघाभर बर्फ पडला. बायको नर्स आहे आणि तिची रात्रपाळी होती. संध्याकाळी लोडर काढला, निम्मी वाट मोकळी झाली आणि चढावर इंजिन आचके देत बंद पडलं. फिल्टरजवळचा हातपंप दाबदाबून पुन्हा चालू केलं, तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. अखेर शेजारचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन धावून आला. बायको कामावर पोचली, पण तासभर उशिरा. तेवढा वेळ आधीच्या पाळीतली नर्स घरी जाऊ शकली नाही.

हा बिघाड शोधायला मला तीन आठवडे लागले. खरं तर एक दुपार पुरेशी होती. कुठे चुकलो ते सांगतो.

यंत्राची ओळख

स्किड स्टीअर लोडर म्हणजे पुढे बादली आणि दोन हात असलेलं छोटं, चार चाकांचं यंत्र. त्याची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं हळू आणि दुसऱ्या बाजूची जोरात फिरवली की ते घसटत वळतं. याचा जन्म मिनेसोटातलाच. १९५७ साली रॉथसे गावच्या सिरिल आणि लुई केलर या भावांनी, टर्कीच्या शेडमधली घाण काढण्यासाठी, एक तीनचाकी लोडर बनवला. १९६० मध्ये त्याला चौथं चाक मिळालं. पुढे 'बॉबकॅट' हे नाव इतकं रुळलं, की आपल्याकडे जसा कुठलाही खोदणारा 'जेसीबी' होतो, तसा इथे कुठलाही असा लोडर 'बॉबकॅट' होतो.

या यंत्रात चाकं आणि हात दोन्ही हायड्रॉलिक पंपांवर चालतात आणि ते पंप इंजिनावर. इंजिन थांबलं की सगळंच थांबतं. शिवाय यंत्र आखूड असल्याने सतत पुढे-मागे डुलतं, आणि टाकीतलं डिझेलही डुलतं. हे डुलणं लक्षात ठेवा.

पंप डिझेल ओढतो म्हणजे काय?

डिझेल टाकीतून नळीने फीड पंपाकडे येतं, तिथून फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे, आणि मग इंजेक्टरकडे. उरलेलं परतीच्या नळीने टाकीत जातं. काही यंत्रांत क्रम थोडा वेगळा असतो, पण महत्त्वाची सीमारेषा एकच: फीड पंप. त्याच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं, त्याच्या मागे ओढीखाली.

शहाळ्याची स्ट्रॉ आठवा. आपण पाणी 'ओढतो' असं म्हणतो, पण तोंडातला दाब कमी केल्यावर बाहेरची हवाच पाण्याला वर ढकलत असते. स्ट्रॉला भोक असेल तर पाण्याऐवजी हवा येते. पंपामागच्या नळीचंही तसंच आहे. पंपापुढे गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. पंपामागे गळती असली तर हवा आत शिरते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं.

थोडीशी हवा एवढी का नडते? जुन्या पद्धतीच्या इंजिनात इंजेक्टरची सुई उचलायला शंभर-दोनशे बार दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन. द्रव जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पंपाचा धक्का थेट सुईपर्यंत पोचतो. मध्ये बुडबुडा असला तर धक्का त्याला दाबण्यातच संपतो. सुई उचलली जात नाही आणि इंजिन उपाशी राहतं.

माझ्या दोन दुरुस्त्या

बाहेर उणे वीस सेल्सिअस होतं, म्हणून पहिला संशय गोठण्यावर गेला. थंडीत डिझेलमधल्या मेणाचे स्फटिक होतात आणि फिल्टर तुंबतो. मिनेसोटात उन्हाळी डिझेलमध्ये साधारण २० टक्के जैवडिझेल असतं, हिवाळ्यात ५ टक्के. उन्हाळ्यातलं उरलेलं डिझेल टाकीत असेल तर धोका जास्त. मी नवा फिल्टर बसवला आणि टाकी ताज्या हिवाळी डिझेलने काठोकाठ भरली. यंत्र मस्त चाललं. चौथ्या दिवशी पुन्हा बंद.

मग फीड पंप बदलला. पुन्हा टाकी भरली, पुन्हा मस्त चाललं, आणि आठवड्याने पुन्हा बंद.

मामांचा प्रश्न

आमचे मामा सातारा जिल्ह्यात शेती करतात. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची एअर काढण्यात त्यांची उमेद गेली. स्किड स्टीअर त्यांनी कधी पाहिलेला नाही. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "टाकी फुल असताना कधी बंद पडलंय का रं?"

मी गप्प झालो. कधीच नाही! प्रत्येक वेळी टाकी निम्म्यावर असताना, आणि बहुतेकदा चढावर.

म्हणजे मी दोन्ही वेळा दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: एक सुटा भाग आणि टाकीतली पातळी. श्रेय मात्र सुट्या भागाला दिलं. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मीच त्याला प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

मार्गाचे दोन भाग

आता अंदाज बाजूला ठेवून मार्ग मधोमध तोडला. स्वच्छ डब्यात डिझेल घेतलं, फीड पंपाची नळी टाकीऐवजी त्या डब्यात सोडली, परतीची नळीही त्यातच. यंत्र जागेवरच तासभर चालवलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही. म्हणजे पंपापासून पुढे सगळं ठीक, दोष टाकीच्या बाजूला. मग टाकी पुन्हा जोडली आणि पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी घातली. पातळी निम्म्याखाली जाताच तिच्यातून बुडबुड्यांची माळ धावू लागली.

टाकीच्या आत वरून खाली लोंबणारी एक रबरी नळी असते, तळाचं डिझेल ओढायला. ती बाहेर काढली, तर मध्यावर बोटाच्या पेराएवढी चीर. टाकी भरलेली असताना चीर डिझेलखाली बुडालेली, म्हणून तिच्यातून डिझेलच आत जाई. पातळी खाली गेली, किंवा चढावर डिझेल मागे सरकलं, की चीर उघडी पडे आणि हवा आत. शहाळ्याच्या स्ट्रॉला मध्यावर भोक असावं, तसंच!

तुमच्यावर वेळ आली तर

चावी बंद केल्यासारखं इंजिन झटक्यात थांबलं, तर आधी डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडकडे आणि त्याच्या तारांकडे पाहा. आचके देत थांबलं तर डिझेलची उपासमार असण्याची शक्यता जास्त.

टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सुधारलं, तर हवेची वाट तुंबली आहे.

फिल्टरच्या तळचं पाणी काढा. थंडीत तेही गोठतं.

स्टार्टर मारताना धुराड्यातून जराही धूर येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर पोचतंय, पण पेटत नाही.

त्यानंतर डबा आणि पारदर्शक नळी. एका वेळी एकच बदल करा आणि टाकीची पातळी लिहून ठेवा.

दोन गोष्टी मात्र जिवाशी खेळणाऱ्या आहेत. उचललेल्या हातांखाली कुलूपपट्टी लावल्याशिवाय शिरू नका. आणि इंजेक्टरकडच्या नळीची गळती बोटाने कधीच तपासू नका. तो बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. तसं झालं तर दुखण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

नवी नळी घेताना ती डिझेलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेली आहे ना, हे विचारून घ्या. साधी इंधननळी आतून डिझेल सोसते, बाहेरून सोसेलच असं नाही. मी बसवलेल्या नळीने तो हिवाळा काढला. मार्चमधल्या शेवटच्या बर्फात टाकी मुद्दाम पाव भागावर आणली आणि त्याच चढावरून बादली भरून गेलो. इंजिन चालूच राहिलं. बायको वेळेवर निघाली, आणि मी मामांना फोन लावला.