घरचा पडदा, घरची भाषा

मराठी चित्रपट पाहायचा म्हटले, की भोपाळकर मराठी माणसाला थोडी खटपट ही करावीच लागते. पुण्या-मुंबईत जो चित्रपट कोपऱ्यावरच्या चित्रपटगृहात लागतो, तो येथे क्वचितच येतो; आणि आलाच, तर आपल्या कानी वार्ता पोहोचेपर्यंत निघूनही गेलेला असतो. आता चित्रपट घरबसल्या मिळतात हे खरे. परंतु ते पाहण्याची रीत मात्र एकलकोंडी झाली आहे. आजोबा एका खोलीत, नातू दुसऱ्या खोलीत, आणि प्रत्येकाचा पडदा वेगळा! अशा दिवसांत लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडून दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्रपट लावणे ही आम्हांला नुसती करमणुकीची सोय वाटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे आणखी काही आली. त्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आता येथे वाढते आहे. आजीचे मराठी या मुलांना समजते. उत्तर मात्र हिंदीतून येते. यात मुलांचा दोष नाही. ‘जेवायला ये’, ‘अभ्यास कर’, ‘दार लाव’ एवढेच मराठी ज्यांच्या कानांवर पडते, त्यांना रुसण्याचे, समजुतीचे, टोमण्याचे, थट्टेचे मराठी ऐकायला मिळावे तरी कोठे? चांगल्या चित्रपटात ते मिळते. म्हणूनच आमचे सांगणे असे, की घरी पडदा लावताना चित्राइतकीच, किंबहुना चित्राहून अधिक, काळजी आवाजाची घ्यावी.

आपल्याकडील पडद्याचा इतिहासही हेच सांगतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पडत, आणि त्यांच्या जोडीला निवेदन असे ते जिवंत माणसाच्या मुखातून. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला, तो मूक होता. पडद्यावरची माणसे मराठी बोलू लागली ती १९३२ मध्ये, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’पासून. चित्र कोणत्याही प्रांतात समजते. आपलेपणा येतो तो बोलण्यातून.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. लॅपटॉपच्या कडेला एचडीएमआयचे चपटे भोक असेल, तर काम सोपे. या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. जुन्या यंत्रांवर पंधरा टोकांचे, बहुधा निळ्या रंगाचे व्हीजीए असते. त्यातून केवळ चित्र जाते, आवाजासाठी निराळी तार लागते. नव्या, पातळ लॅपटॉपवर केवळ टाइप-सी असेल, तर कन्व्हर्टर घ्यावा लागतो. मात्र प्रत्येक टाइप-सी चित्र बाहेर पाठवतेच असे नाही, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

केबल लावून प्रोजेक्टर सुरू करावा आणि त्याच्या ‘सोर्स’ बटणाने योग्य जोडणी निवडावी. नंतर लॅपटॉपवर विंडोजचे बटण दाबून ठेवून ‘पी’ दाबावे, आणि येणाऱ्या यादीतून ‘डुप्लिकेट’ निवडावे. बहुतेक घरांत अडते ते यापुढे. चित्र भिंतीवर दिसते आणि आवाज गप्प! कारण एचडीएमआय जोडताच लॅपटॉप पुष्कळदा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतो. तेथे एक तर स्पीकर नसतो, किंवा असला तर अगदीच किरकोळ असतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावरून आवाज कोठून यावा ते आपण निवडावे.

वेगळा स्पीकर असावाच, आणि तो तारेने जोडावा. बिनतारी स्पीकरवर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. मराठी शिकणाऱ्या मुलाला हे घातकच. स्पीकर प्रोजेक्टरशेजारी नव्हे, तर पडद्याखाली ठेवावा. नाही तर पात्रे समोर आणि बोलणे पाठीमागून, शिवाय प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर, असा प्रकार होतो. खोलीत आवाज घुमत असेल, तर खाली सतरंजी अंथरावी, खिडक्यांवर जाड पडदे सोडावेत. कानांनी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांची जागा स्पीकरजवळ असावी.

चित्राविषयी थोडेच सांगतो. सुरकुतलेल्या चादरीपेक्षा पांढरी, सपाट भिंत बरी. चित्र मोठे करण्याचा मोह आवरावा. रुंदी दुप्पट केली, की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र फिके पडते. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवावा. लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवावा आणि संदेशांच्या सूचना बंद कराव्यात.

मे महिन्यात भोपाळात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. गच्चीवर साडेसातला खेळ सुरू केला, तर दहापर्यंत आटोपतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. शेजाऱ्यांची झोप हाही एक नियमच आहे. मंडळात सार्वजनिक खेळ करायचा असेल, तर मात्र चित्रपटाच्या हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी. घरासाठी भरलेली वर्गणी सभागृहासाठी चालत नाही.

आरंभ कोणत्या चित्रपटाने करावा? आजोबा-नातवंडांनी एकत्र पाहावा असा २००४ चा ‘श्वास’ आहे. नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर आजोबांच्या जिवाची होणारी उलघाल त्यात आहे. तो सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. लहान मुलांसाठी पंढरपुरात घडणारा, सायकलभोवती फिरणारा २०१४ चा ‘एलिझाबेथ एकादशी’ उत्तम. सून वा जावई अमराठी असतील, तर खालची भाषांतराची ओळ सुरू ठेवावी. त्यांनाही या पंगतीत पान हवेच.

आणि चित्रपट संपताच सर्वांनी उठून जाऊ नये. चहा ठेवावा, आणि नातवंडांना आजीने कोणता प्रसंग आवडला ते विचारावे. मुले सांगताना अडखळतील, हिंदी शब्द पेरतील. पेरू द्यावेत. टोकले, की मूल गप्प होते, आणि गप्प मुलाला कोणतीच भाषा येत नाही. पडद्यावरच्या एखाद्या पात्राचा एखादा शब्द जरी त्या गप्पांत त्यांच्या तोंडून सहज निघाला, तरी केबल, कन्व्हर्टर आणि स्पीकर यांवर केलेला खर्च वसूल झाला असे समजावे.