तांब्याच्या पत्र्यावरचा समुद्र

डोलकाठ्या, दोर, शिडं. जहाज म्हणजे मुळात रेघांचा पसारा. म्हणूनच इंप्रेशनिस्ट काळातल्या चित्रकारांना समुद्रासाठी रंगांइतकंच अम्लरेखन, म्हणजे एचिंग, जवळचं वाटलं.

तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर देतात. त्यावर सुईने चित्र ओढून पत्रा आम्लात सोडला, की उघडा पडलेला धातू तेवढा खाल्ला जातो. फिकी हवी ती रेघ लवकर वार्निशने झाकायची आणि पत्रा पुन्हा आम्लात घालायचा. दूरचं शीड पुसट राहतं, जवळची डोलकाठी काळीभोर उठते. मग शाई भरून, पत्रा पुसून, ओलसर कागदावर दाबयंत्रात ठसा घ्यायचा. ठशात डावं-उजवं उलटतं.

पॅरिसचा प्रकाशक कादार याने 1862 मध्ये अम्लरेखनकारांची संस्था उभी केली. त्याच वर्षी योंगकिंड या डच चित्रकाराचा सहा चित्रांचा संच त्याने छापला. योंगकिंडचं ‘अँटवर्प बंदरातील सूर्यास्त’ 1868 चं, म्हणजे मोनेच्या सूर्योदयाच्या प्रसिद्ध चित्राआधी चार वर्षांचं. त्यात पाण्यासाठी तुटक आडव्या रेघा पुरतात, चकाकी कोरा कागदच दाखवतो. चित्रकार व्हिसलरने 1879-80 मध्ये व्हेनिसला आणखी धाडस केलं. त्याच्या ‘नॉक्टर्न’ या अम्लरेखनात जहाजाच्या मोजक्या रेघा आहेत. बाकी समुद्र आणि रात्र पत्र्यावर मुद्दाम राखलेल्या शाईच्या पापुद्र्यातून उभी राहते, त्यामुळे एका पत्र्याचे दोन ठसे सारखे निघत नाहीत.

आपल्याकडे, मुंबईजवळच्या वसईला, जहाजांचा हा विषय दारातच आहे. पोर्तुगीज अमलात, 1534 ते 1739, इथे जहाजं बांधली जात. पुढे कोळ्यांच्या होड्यांवर इंजिनं आली आणि शिडं उतरली. तरी पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळ्याला ओहोटीच्या चिखलात टेकलेल्या होड्या, ताणलेले दोर, सुकत घातलेली डोल जाळी आणि बांबूंवर टांगलेले बोंबील आजही दिसतात. सगळं रेघांचंच काम, आणि मागे खाडीचं मोकळं पाणी.

मुंबईत 1857 पासून सर ज. जी. कला महाविद्यालय आहे. तिथून वसई लोकलच्या अंतरावर आहे. थर दिलेला पत्रा हातात मावतो, व्हिसलरही तो जागेवरच नेऊन रेखाटायचा. मुद्राचित्रण शिकणाऱ्या मुलांनी पत्रे घेऊन इथे यावं. ज्यांनी शीड हाताळलं, त्या म्हाताऱ्या कोळ्यांशी बोलून शिडाची ठेवण समजून घ्यावी आणि ती तांब्यावर कोरून ठेवावी. हे काम आताच व्हायला हवं.