डिफॉल्टचा कारभार

सर्व्हरवर मॉनिटरिंगचा एजंट बसवणे हे आता पाच मिनिटांचे काम झाले आहे. पॅकेज उतरवायचे, सेवा सुरू करायची, डॅशबोर्ड उघडायचा. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांच्या रंगीत रेषा लगेच धावू लागतात. हे इतके सोपे झाल्यामुळेच एक गैरसमज मूळ धरून बसला आहे, की एजंट बसला म्हणजे देखरेख सुरू झाली. प्रत्यक्षात एजंट बसवणे वेगळे आणि त्याला काम नेमून देणे वेगळे. ते नेमून देणे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये घडते. कोणता आकडा घ्यायचा, किती वेळाने घ्यायचा, कोणत्या लेबलखाली ठेवायचा आणि आकडा आलाच नाही तर काय समजायचे, हे सगळे तिथे ठरते. बहुतेक ठिकाणी ही फाइल धांदलीत, जुन्या प्रकल्पातून उचलून भरली जाते आणि पुन्हा कोणी उघडत नाही. माझे म्हणणे असे, की संस्थेला आपल्या यंत्रणेविषयी काय कळेल आणि काय कधीच कळणार नाही, याचा निर्णय त्या फाइलीत होतो. तो आपण घेतला नाही, तर सॉफ्टवेअर लिहिणारा कोणी अनोळखी माणूस तो आधीच घेऊन मोकळा झालेला असतो.

या साधनांचा इतिहास पाहिला तर गोळा करणे सतत स्वस्त होत गेलेले दिसते. जाळ्यातल्या यंत्रांना आकडे विचारण्याचा एसएनएमपी प्रोटोकॉल १९८८ मधला. १९९५ मध्ये टोबियास ओटिकर यांचे एमआरटीजी आले. लेस्टरमधल्या एका विद्यापीठातली बाहेर जाणारी ६४ किलोबिटची एकुलती एक लाइन किती भरली आहे हे दाखवण्यासाठी ते जन्मले, आणि दर पाच मिनिटांनी राउटरला विचारून आलेख काढणे एवढेच त्याचे काम होते. १९९९ मध्ये इथन गॅलस्टॅड यांनी नेटसेंट काढले, तेच पुढे नागिऑस झाले. त्याचा मुख्य प्रश्न सेवा चालू आहे की बंद, हा. २००५ च्या कलेक्टडीने दहा सेकंदांनी आकडे टिपायला सुरुवात केली. २०११ मध्ये एट्सीच्या स्टॅट्सडीने प्रोग्रामलाच स्वतःबद्दल बोलायला लावले. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये गूगलहून आलेल्या अभियंत्यांनी प्रोमिथियस सुरू केले. गूगलच्या बोर्गमॉन या अंतर्गत देखरेख-साधनाची कल्पना त्यामागे होती. कुबरनेटिसनंतर सीएनसीएफ या संस्थेने २०१६ मध्ये स्वीकारलेला तो दुसरा प्रकल्प. २०१९ पासून ओपनटेलिमेट्री हे सगळे एका नियमाखाली आणू पाहते आहे. तीन दशकांत यंत्राची नाडी पाहण्यापासून वापरकर्त्याला काय अनुभव येतो इथपर्यंत मजल गेली. काय मोजायचे हे ठरवण्याचे कष्ट मात्र यातल्या कोणत्याच साधनाने कमी केलेले नाहीत.

डिफॉल्ट कसा निर्णय घेतो याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रतिसादाच्या वेळेचे आहे. प्रोमिथियसच्या गो लायब्ररीत हिस्टोग्रामचे तयार कप्पे ५ मिलिसेकंदांपासून सुरू होतात आणि १० सेकंदांवर संपतात. त्याहून उशिरा आलेला प्रत्येक प्रतिसाद शेवटच्या, वरची हद्दच नसलेल्या कप्प्यात जातो. आता एखादी सेवा मोठे अहवाल तयार करते आणि तिला ४० सेकंद लागतात असे समजा. नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल विचारला तर उत्तर येते १० सेकंद, कारण उत्तर शेवटच्या कप्प्यात पडले तर त्याच्या अलीकडची सीमा सांगायची, असा हिशेबाचा नियमच आहे. ही सेवा बिघडत जाऊन ७० सेकंदांवर पोहोचली तरी आलेखावरची रेष १० वर शांतपणे आडवी राहील. आकडा काल्पनिक नसतो, एजंट बिघडलेला नसतो, साठवणूकही चोख असते. तरीही डॅशबोर्ड खोटे बोलतो, आणि ते कोणाच्याही लक्षात येत नाही. वेळेची खरी व्याप्ती पाहून कप्पे आखणे हे तासाभराचे काम. ते न केल्याची किंमत मात्र दर महिन्याच्या आढावा बैठकीत, रेष स्थिर आहे या समाधानाच्या रूपाने, चुकवली जाते. नवे नेटिव्ह हिस्टोग्राम ही अडचण बरीच दूर करतात, पण तेही कोणीतरी जाणीवपूर्वक निवडावे लागतात.

मोजणीच्या अंतराचेही तसेच. प्रोमिथियसचे मूळ अंतर एक मिनिटाचे, पण सोबत मिळणाऱ्या नमुना फाइलीत १५ सेकंद लिहिलेले असतात. म्हणजे फाइल कुठून उचलली यावर देखरेखीची नजर किती बारीक, हे अवलंबून. एकूण विनंत्यांसारखा चढता काउंटर असेल तर दोन मोजण्यांमधले काही हरवत नाही, फक्त सपाट होते. पण रांगेची लांबी किंवा मेमरी यांसारखा गेज असेल, तर मिनिटाच्या अंतरामधली २० सेकंदांची उसळी आली तशी निघून जाते आणि तिचा मागमूस उरत नाही. हा भेद न ओळखता सगळ्याला एकच अंतर लावणे सोपे असते, म्हणून तेच होते.

याहून अवघड गोष्ट म्हणजे मौनाचा अर्थ. प्रोमिथियस स्वतः जाऊन आकडे विचारतो, त्यामुळे समोरून उत्तर आले नाही तर तेवढी नोंद त्याला करता येते. प्रत्येक लक्ष्यासाठी तो आपणहून एक किंवा शून्य लिहितो. स्टॅट्सडीसारख्या पद्धतीत प्रोग्राम यूडीपीवरून आकडे फेकतो, आणि आकडे थांबले तर काम थांबले की जाळे तुटले की प्रोग्रामच मेला, हे आपोआप कळत नाही. पण विचारणाऱ्या पद्धतीतही एक खड्डा आहे. डिस्क ९० टक्क्यांवर गेली तर कळव, असा नियम लिहिला आणि ते यंत्रच बंद पडले, तर तुलना करायला आकडाच राहत नाही. नियम गप्प बसतो. अलर्ट आधीच वाजत असेल तर काही मिनिटांत तो मिटतो आणि प्रश्न सुटल्याचा निरोप जातो! आकडा नसणे हीच बातमी आहे, असे सांगणारा वेगळा नियम हाताने लिहावा लागतो. कुबरनेटिससाठीच्या प्रचलित नियमसंचात म्हणूनच वॉचडॉग नावाचा एक अलर्ट सतत वाजता ठेवलेला असतो. तो वाजायचा थांबला की समजायचे, देखरेखच कोलमडली.

हे पुस्तकी वाटत असेल तर ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची घटना पाहावी. दुय्यम सर्व्हर समजून एका अभियंत्याने मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. मग बॅकअप शोधताना कळले, की पोस्टग्रेस ९.६ चालत असताना बॅकअपचे साधन ९.२ चे होते आणि प्रत्येक प्रयत्न फसत होता. फसल्याचे ईमेल निघतही होते. पण त्यांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सहा तास आधी चाचणीसाठी काढलेल्या प्रतीवरून उभे राहावे लागले. बिघाडाची खबर द्यायची सोय होती, खबर पोहोचते आहे की नाही हे पाहण्याची नव्हती. शेवटचा यशस्वी बॅकअप किती तासांपूर्वी झाला, हा एकच आकडा दर तासाला तपासला असता तर फसलेला बॅकअप वेळीच हाती लागला असता. नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार कंपनीचे उदाहरण थोडे वेगळे. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडण्याआधी चूक झाल्याचे सांगणारे ९७ ईमेल तिच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना पाठवले. अलर्ट म्हणून वाचावेत अशी त्यांची रचनाच नव्हती. पुढे पाऊण तासात कंपनी ४० कोटी डॉलरहून अधिक गमावून बसली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: साठवण स्वस्त झाली, मग सगळेच गोळा करावे, निवड कशाला? साठवण स्वस्त झाली हे खरेच. फेसबुकच्या गोरिला प्रणालीच्या २०१५ च्या शोधनिबंधात १६ बाइटचा एक आकडा सरासरी १.३७ बाइटमध्ये बसवून दाखवला आहे. पण खर्च आकड्यांचा कमी, लेबलांच्या प्रत्येक जोडणीतून जन्मणाऱ्या मालिकांचा जास्त. एकाच मेट्रिकला ५ पद्धती, १० उत्तर-संकेत, ५० पत्ते आणि २० सर्व्हर अशी लेबले लावली की ५० हजार मालिका होतात. कोणी उत्साहाने त्यात वापरकर्त्याचा क्रमांक घातला आणि वापरकर्ते लाखभर असले, तर गणित ५०० कोटींवर जाते. इथे देखरेखीचा सर्व्हर हळू होत नाही, मेमरी संपून पडतो, आणि नेमका गर्दीच्या दिवशी पडतो. म्हणून प्रोमिथियसच्या दस्तऐवजात ईमेल पत्ते आणि वापरकर्ता-क्रमांक लेबलात घालू नका, अशी ताकीद आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उद्या काय बिघडेल हे आज माहीत नसताना काय मोजायचे हे ठरवणार कसे? याला पूर्ण उत्तर नाही. पण गूगलच्या २०१६ च्या एसआरई पुस्तकाने सुचवलेली विलंब, वर्दळ, चुका आणि भरलेपणा ही चौकडी अज्ञात बिघाडालाही पकडते, कारण बिघाडाचे मूळ काहीही असो, वापरकर्त्याला लागणारी झळ या चारांपैकी कशात तरी उमटते. अलर्ट झळेवर लावावा, कारणाचे तपशील मोजक्या दिवसांपुरते विस्ताराने ठेवावेत. प्रोमिथियस स्वतः १५ दिवसच ठेवतो. कित्येकांना हे पहिल्या वार्षिक तुलनेच्या वेळी कळते.

शिवाय विचारणे फुकट नसते. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय अडखळली तेव्हा व्यवहाराची स्थिती वारंवार विचारणाऱ्या काही बँकांच्या विनंत्यांचा भार हे कारण पुढे आले. नंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने स्थिती विचारण्यावर बंधने घातली आणि १ ऑगस्टपासून एका अ‍ॅपवर दिवसाला ५० च शिल्लक-चौकशा ठेवल्या. काळजीपोटी विचारलेला प्रश्नच यंत्रणेला आडवा पाडू शकतो. एजंटला दिलेल्या अधिकारांचेही तसेच आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा एजंटला एक सदोष कॉन्फिगरेशन फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. भारतीय विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तो एजंट कर्नलच्या पोटात बसला होता. आकडे टिपणाऱ्या एजंटला तिथे जायची गरजच नसते. पोस्टग्रेसमध्ये तर आवृत्ती १० पासून फक्त आकडे वाचण्यासाठी पीजी-मॉनिटर नावाची भूमिका दिलेली आहे. तरीही कित्येक फाइलींत सुपरयूजरचा पासवर्ड उघडा लिहिलेला सापडतो, कारण त्याने काम लवकर होते.

उरतो तो स्वयंचलनाचा दावा: एजंटच सेवा शोधेल, मेट्रिक निवडेल, विसंगती ओळखेल. सेवा तो शोधतोच, आणि त्यात वेळ वाचतो. पण चाळीस सेकंदांचा अहवाल आपल्या ग्राहकाला चालतो की नाही, दर महिन्याच्या अखेरीला येणारी उसळी पगाराची आहे की हल्ल्याची, हे आकड्यांच्या आकारावरून कळत नाही. ते पगाराचे काम चालवणाऱ्या विभागाला ठाऊक असते, आणि कॉन्फिगरेशनच्या फाइलीवर नजर टाकायला त्या विभागातल्या कोणाला सहसा बोलावलेले नसते.