उतारवयातील प्रवास आणि योगक्षेमाची भिस्त

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे तालुक्याचे गाव रेल्वेच्या मुख्य मार्गांपासून दूर असल्यामुळे तेथील वृद्धांचा लांबचा प्रवास बहुतेक वेळा एसटीच्या बसनेच सुरू होतो. मूर्तिजापूर–यवतमाळ ही 113 किलोमीटरची अरुंदमापी गाडी, जिला सारा परिसर ‘शकुंतला’ म्हणूनच ओळखत असे, दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावर थांबत असे. ती बंद पडल्यापासून नागपूरच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात जायचे असो, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे जायचे असो की पंढरपूरला, पहिली चढण बसच्या पायरीचीच असते. त्या पायरीवर पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे पिशवी भरली जात असतानाच, काळजी सुरू होते. वाटेत लघवीला कुठे उतरायचे, गोळ्यांची वेळ चुकली तर काय, पाय सुजले किंवा तोल गेला तर कोण सावरणार, आणि सर्वांत खोलवर सलणारा प्रश्न म्हणजे आपल्यामुळे मुलांना त्रास तर होणार नाही ना. यांतील एकही काळजी खुळी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ‘देवावर सोडा’ एवढे सांगून म्हाताऱ्या माणसाला गप्प करणे हा त्याच्या वयाचाही अवमान आहे आणि देवावरील विश्वासाचाही.

या विश्वासाला भारतीय परंपरेत जो शब्द आहे तो ‘योगक्षेम’. गीतेच्या नवव्या अध्यायातील 22 व्या श्लोकात अनन्यभावाने चिंतन करणाऱ्या भक्ताचा योगक्षेम आपण वाहतो, असे आश्वासन भगवंताने दिले आहे. भाष्यकारांच्या मते योग म्हणजे जे जवळ नाही ते मिळणे आणि क्षेम म्हणजे जे मिळाले आहे ते राखले जाणे. भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य याच श्लोकातून घेतले आहे, आणि ती निवड अर्थपूर्ण वाटते, कारण उद्याची तरतूद करणे आणि उद्याचा भार देवावर ठेवणे या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. इस्लाममध्ये ईश्वरावर भिस्त ठेवण्याला ‘तवक्कुल’ म्हणतात, आणि तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहातील, म्हणजे प्रेषित मुहंमद यांच्या उक्ती व आचरण यांविषयीच्या परंपरागत नोंदींच्या संग्रहातील, एका प्रसंगात, उंट बांधून भिस्त ठेवावी की मोकळा सोडून, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांध आणि मग भिस्त ठेव, असे उत्तर मिळते.

हे तत्त्व आयुष्याच्या उत्तरार्धात पायी जगून दाखवणारा माणूस दारव्ह्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात राहत असे. 1895 साली जन्मलेले विनोबा भावे मार्च 1951 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, वर्ध्याकडून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले, 18 एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमिनीचे दान, मिळाले, आणि तेथून पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. 1964 मध्ये पवनारच्या आश्रमात परतले तेव्हा त्यांचे वय 68 होते. पोटातील व्रणाचा जुना त्रास असलेल्या, मोजका आहार घेणाऱ्या या माणसाने हा प्रवास ईश्वराच्या भरवशावर चालल्याचे नेहमीच मानले, परंतु त्या भरवशाचे बाह्यरूप कमालीचे शिस्तबद्ध होते: पहाटे उठणे, ऊन चढण्याआधी चालणे, मुक्कामाचे गाव आधीच ठरलेले असणे. डिसेंबर 1952 मध्ये, तेव्हाच्या बिहारमधील चांडिल येथे त्यांना घातक हिवतापाने गाठले, तेव्हा देहाचा भार ईश्वरावर सोडून त्यांनी आरंभी औषध नाकारले. पण सहकाऱ्यांच्या आणि हितचिंतकांच्या काकुळतीपुढे ते नमले, औषध घेतले, बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. या प्रसंगाने त्यांच्या श्रद्धेला उणेपणा आला असे मानण्याचे कारण नाही. उलट, माणसांच्या आग्रहातूनही ईश्वराची इच्छा कळू शकते, हे मान्य करायला अधिक मोठी श्रद्धा लागते. सावंगी (मेघे) येथील ज्या रुग्णालयात यवतमाळ जिल्ह्यातले असंख्य रुग्ण जातात, त्याला विनोबांचेच नाव आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये श्रद्धाळू माणसे अडचणीला कशी सामोरी जातात याच्या तीन तऱ्हा सांगितल्या: सारे स्वतःवर घेणे, सारे देवावर टाकून स्वस्थ बसणे, आणि देवाला सोबती मानून आपला वाटा उचलणे. त्यांच्या अभ्यासात दुसऱ्या तऱ्हेचा संबंध कमी आत्मविश्वासाशी आणि तिसरीचा अधिक सक्षमतेशी आढळला. प्रवासातला आपला वाटा तसा लहानच असतो. औषधे डोक्यावरच्या सामानात न ठेवता हाताशी ठेवावीत, आजारांची आणि गोळ्यांची चिठ्ठी खिशात असावी, आणि चार तासांहून अधिक बसावे लागणार असेल तर अधूनमधून उठावे किंवा निदान पावले हलवावीत, कारण फार वेळ निश्चल बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एवढे झाल्यावर जी काळजी उरते, तिच्यावर माणसाच्या हाती काही उपाय नसतो, आणि श्रद्धेचे खरे क्षेत्र तेथेच सुरू होते.

मात्र महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने हा विश्वास एकट्या माणसाच्या मनावर कधी सोपवला नाही, आणि या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सुमारे महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते, तिच्यात काय किंवा आळंदीच्या ज्ञानेश्वर पालखी सोहळ्यात काय, सत्तरी ओलांडलेली माणसे निर्धास्त चालतात, कारण त्यांच्याभोवती दिंडी असते. दिंडी म्हणजे वीणेकऱ्यासोबत चालणाऱ्या वारकऱ्यांचा समूह, ज्यात सामान वाहण्याची, रांधण्याची आणि मुक्कामाची व्यवस्था आधीच लावलेली असते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीच्या सोहळ्याला जी घडी बसवून दिली, तिच्यात मुक्कामाच्या समाज आरतीला चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा समुदाय शांत होतो आणि हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. ज्या वाटेवर हरवलेल्याची रोज सायंकाळी चौकशी होते, तेथे म्हाताऱ्या माणसाला विठ्ठलावर भार टाकणे सोपे जाते. दारव्ह्याच्या आसपासच्या तांड्यांतून रामनवमीला पोहरादेवीला, संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला, जाणारी बंजारा कुटुंबेही अशीच जथ्याने निघतात.

दवाखान्याच्या किंवा मुलाच्या गावच्या प्रवासाला दिंडी नसते, आणि वृद्धांची काळजी तेथेच सर्वाधिक वाढते. राज्य शासनाने ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला, ही मोठी सोय झाली. परंतु ही सवलत त्या वृद्धापुरतीच असून, सोबत येणाऱ्या मुलाला किंवा नातवाला पूर्ण तिकीट काढावे लागते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. त्यामुळे अनेक घरांत म्हातारे माणूस एकटेच बसमध्ये बसवून दिले जाते. 2024 च्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत 75 वर्षांपुढील यात्रेकरूला सहायक नेण्याची मुभा आहे, आणि तीर्थाच्या वाटेवर मान्य झालेली ही सोबतीची गरज दवाखान्याच्या वाटेवर अधिकच निकडीची असल्यामुळे तीच सवलत एसटीतही मिळायला हवी.