कुकडीच्या काठाने

मुलांनो, जुन्या घराण्यांना कुलदैवत असतं, तशी एक नदीही असते. आमच्या घराण्याची नदी कुकडी. माझ्या वडिलांचं गाव जुन्नर तालुक्यात तिच्याच काठी आणि आईचं माहेरही तिच्याच काठी, पण बरंच खाली, निघोजच्या बाजूला. माझी दोन नातवंडं, थोरली नात आणि धाकटा नातू, मात्र पुण्यात वाढली. त्यांच्या लेखी कुकडी म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावर गाडी वेगात ओलांडून जाते तो एक पूल. म्हणून दिवाळीनंतरचा एक शनिवार-रविवार मी मागून घेतला. नदी उगवते तिथून निघायचं आणि आईच्या माहेरापर्यंत खाली यायचं, वाटेत आपल्या माणसांच्या जागा बघायच्या, असं ठरवलं. त्या जागांवर निसर्गाने काय काय मांडून ठेवलंय, तेच आता तुम्हाला सांगतो.

नाणेघाट : वर पडणारं पाणी

जुन्नरहून पश्चिमेला निघालं की चावंड किल्ल्याच्या परिसरात पूर नावाचं गाव लागतं. तिथल्या कुकडेश्वराच्या देवळाजवळ कुकडीचा उगम मानतात. देवाला हात जोडून आम्ही तसेच पुढे घाटघर ओलांडून नाणेघाटाच्या तोंडाशी गेलो. तिथे जुना दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होई, असं पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे कोरलेत. आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या अंकांपैकी ते आहेत.

मी लहान असताना वडिलांनी मला इथे ऐन आषाढात आणलं होतं. डोक्यावर इरलं, पायात काही नाही. कड्याच्या काठापासून बरंच मागे त्यांनी मला घट्ट धरून उभं केलं आणि म्हणाले, "बघ, पाणी घरी परत येतंय." खरंच, कड्यावरून खाली जाणारी धार अर्ध्यातूनच वळून वर उडत होती आणि आमच्या तोंडावर आपटत होती.

"पण आबा, पाणी वर कसं जाईल?" धाकट्याने विचारलं.

ऐक. पाण्याचा थेंब आकाशातून पडतो तेव्हा त्याचा वेग वाढतच जात नाही. हवा त्याला अडवते. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटरच्या वेगाने पडतो. सगळ्यात मोठ्या थेंबाचाही वेग नऊ-साडेनऊ मीटरच्या पलीकडे जात नाही. आता पावसाळ्यातला वारा आठव. अरबी समुद्रावरून तो सपाट कोकण ओलांडत येतो आणि या उभ्या भिंतीवर आदळतो. पुढे वाट नाही, म्हणून तो कड्याला घासत सरळ वर चढतो. नाणेघाटासारखी खिंड सापडली की तिथे गर्दी करून घुसतो आणि त्याचा जोर आणखी वाढतो. धार बारीक असली की ती लगेच फुटून तिचे थेंब होतात. वर चढणारा वारा थेंबांच्या पडण्यापेक्षा वेगवान असला की थेंब वाऱ्याबरोबर वर जातात. धार जाड असेल तर मात्र वाऱ्याचं काही चालत नाही. म्हणून हे नवल काही ठरावीक ठिकाणीच आणि वारा अंगात आलेला असतानाच दिसतं.

थोरली तोवर कड्याच्या काठाकडे बघत होती. "आबा, इथे पडलेला पाऊस कुठे जातो?"

तिचा प्रश्न फार मोलाचा होता. काठाच्या पश्चिमेला पडलेलं पाणी कोकणात उतरून थोडक्याच वाटेने अरबी समुद्राला मिळतं. तिथून चार पावलं पूर्वेला पडलेलं पाणी कुकडीत येतं. कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. समुद्र इतका जवळ असताना हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून अख्खा देश ओलांडतं, कारण सह्याद्रीचा हा काठ उंच आहे आणि त्यामागचं दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे.

काळा खडक आणि पांढरी राख

समोरच्या डोंगरांकडे बघितलं की आडव्या पट्ट्या दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि आतला तप्त रस बाहेर आला. तो पातळ होता, म्हणून स्फोट न होता दूरदूर वाहत गेला, थंड झाला, त्यावर पुढचा रस आला. असे थरावर थर चढले आणि आपला काळा कातळ तयार झाला. महाराष्ट्रातल्या बहुतेक गडकिल्ल्यांचे तट, वेरूळचं कैलास लेणं, खेड्यापाड्यातले पाटे-वरवंटे, सगळं याच दगडाचं.

रात्री जुन्नरला भाच्याकडे मुक्काम केला. सकाळी माणिकडोह आणि येडगाव ही धरणं मागे टाकून आम्ही बोरी बुद्रुकला आलो. माझी आजी या भागातली. याच काठाने ती पाण्याला जायची. नदीने कापलेल्या उंच दरडीत एक पांढुरका पट्टा आहे. आजी त्याला नुसतं "पांढरी माती" म्हणायची, आणि आम्ही पोरं त्यात बोटं खुपसून रेघोट्या मारायचो.

दोघांना मी दरडीजवळ नेलं. "उकरायचं नाही. फक्त बोट लावून बघा."

थोरलीने तर्जनी टेकवली. बोटाला पिठूळ भुकटी लागली, पण अंगठ्यावर चोळल्यावर तिची कचकच जाणवली. वरची-खालची माती तपकिरी आणि चिकट, ही मात्र कोरडी, करड्या-पांढऱ्या रंगाची आणि हलकी.

"ही माती नाही," मी म्हटलं, "ही ज्वालामुखीची राख आहे. आणि ती आपल्याकडची नाही."

सुमात्रा बेटावर टोबा नावाचं एक सरोवर आहे, सुमारे शंभर किलोमीटर लांब. ते सरोवर म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचं तोंड. तिथला रस आपल्या सह्याद्रीच्या रसासारखा पातळ नव्हता. त्यात सिलिका फार, म्हणून तो दाट आणि चिकट. त्यात कोंडलेल्या वायूंना सहज बाहेर पडता येईना. दाब वाढत गेला आणि अखेर सगळंच फुटलं. रसाच्या बुडबुड्यांच्या चिंधड्या उडाल्या आणि त्या हवेतच थिजून काच झाल्या. ही राख सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर फुटलेल्या बुडबुड्यांच्या वाकड्या, धारदार कपच्या दिसतात. बोटाला लागलेली कचकच त्यांचीच. वाऱ्याने ती राख तीन हजार किलोमीटरहून दूर आणून इथे टाकली.

"पण टोबाचीच कशावरून?" थोरली सहजासहजी मान डोलावणारी नाही, आणि तेच मला आवडतं.

प्रत्येक ज्वालामुखीच्या राखेत मूलद्रव्यांचं प्रमाण निराळं असतं. शास्त्रज्ञ ते मोजतात आणि ताडून बघतात. आपल्या काळ्या कातळाशी ही राख जुळत नाही, टोबाशी जुळते. टोबाचा सगळ्यात मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला, पण त्याआधीही तो फुटला होता. बोरीची राख नेमकी कोणत्या उद्रेकाची यावर जाणकारांत अनेक वर्षं वाद चालू आहे. या वादाला मोठं कारण आहे. इथेच आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. राखेचं वय ठरलं की ती हत्यारं घडवणाऱ्या माणसांचा काळही ठरवता येतो. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या राखेचा अभ्यास सुरू केला आणि जुन्नर तालुक्यातलं हे गाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत झालं. मोरगावला कऱ्हेच्या काठीही अशीच राख आहे.

राख तर त्या वेळी सगळीकडेच पडली असणार. मग नदीकाठीच का उरली? माळावरची पावसाने धुऊन नेली. नदीच्या सखल जागी जी साठली तिच्यावर पुराचा गाळ चढला आणि ती झाकली गेली. पुढे नदीनेच दरड कापली आणि तिला पुन्हा उजेड दाखवला. आजी याच वाटेने आयुष्यभर गेली. ती राख तिच्या हाताशी होती, पण ती कुठून आली हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून तिच्या खापरपणतीला मी तिथे उभं करून ते सांगितलं.

निघोज : गोट्यांची करामत

दुपारी निघोजला पोचलो. इथे नदीच्या एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज आणि दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. मळगंगा देवीचं देऊळ काठावरच. चैत्रात देवीची मोठी यात्रा भरते. आई आम्हाला यात्रेला आणायची आणि रेवड्या हातात पडल्या की थेट कुंडावर न्यायची.

कुंड म्हणजे रांजणखळगे. रुंद कातळी पात्राच्या मधोमध नदीने खोल घळ कापली आहे. तिच्या दोन्ही अंगांना शेकडो खळगे आहेत. काही ओंजळीएवढे, काही इतके खोल की आत माणूस उभा राहिला तर बाहेरून दिसू नये. काठ गुळगुळीत आणि निसरडे असतात. तिथे पळापळ करायची नाही, कडेला वाकायचं नाही. मोठ्यांचा हात धरूनच बघायचं.

पाणी ओसरल्यामुळे काठापासून दूरचा, गुडघ्याएवढा एक खळगा आम्हाला नीट बघता आला. धाकट्याने आत हात फिरवला. भिंत काचेसारखी गुळगुळीत, आणि तिच्यावर गोल गोल उतरत गेलेल्या उथळ खोबणी. तळाशी चार-पाच काळे गोटे, अंड्यासारखे घोटलेले.

"हा खळगा कुणी खोदला?"

"तुझ्या पणजीने मला सांगितलं ते सांगतो. या गोट्यांनीच."

हा कातळ कठीण खरा, पण एकसंध नसतो. रस थंड होताना त्यात चिरा पडल्या, वायूचे बुडबुडे अडकून बारीक पोकळ्या राहिल्या. पूर आला की पाणी अशा पोकळीवरून जाताना भोवरा धरतं. भोवऱ्यात एखादा गोटा सापडला की तो गरगरा फिरायला लागतो. खलबत्त्यातला बत्ता जसा फिरवला की कडा आणि तळ दोन्ही घासतो, तसा गोटा आणि त्याच्याबरोबरची वाळू खडक घासत राहतात. खळगा खोल झाला की भोवरा अधिकच घट्ट बसतो, गोटा बाहेर पडत नाही. शेजारचे दोन खळगे रुंद होत होत मधली भिंत झिजते, ढासळते आणि दोन्ही एक होतात. अशीच खळग्याला खळगा मिळून ही घळ झाली आहे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. वर्षातला बहुतेक काळ गोटे नुसते पडून असतात. नदी हे काम करते ती पुराच्या मोजक्या दिवसांत. तेवढ्या दिवसांच्या कामावर, हजारो वर्षं पूर येत राहिले म्हणून, एवढं मोठं कोरीवकाम उभं राहिलं.

"पण गोटा झिजत नाही का?" धाकट्याने तळातला एक उचलून विचारलं.

झिजतो तर. खडकाबरोबर तोही झिजतो, लहान होतो, अखेर त्याची वाळू होऊन वाहून जाते. मग पुढच्या पुरात नवा दगड वरून येतो, त्याच खळग्यात पडतो आणि आधीच्याचं काम जिथे थांबलं तिथून पुढे नेतो. या खळग्यात आज जे गोटे आहेत त्यांनी तो सुरू केलेला नाही आणि संपवणारेही ते नसतील.

मला तुम्हाला सांगायचं आहे ते हेच. वडिलांनी नाणेघाटात मला उलटं पाणी दाखवलं, आईने इथे गोटे दाखवले. त्यांना थेंबाचा वेग किंवा ज्वालामुखीच्या रसातली सिलिका ठाऊक नव्हती. पण त्यांनी मला त्या जागी नेलं, उभं केलं, बघायला लावलं. पुस्तकांतून आणि शास्त्रज्ञांकडून मी त्यावर थोडी भर घातली आणि ती या दोन नातवंडांच्या हवाली केली. ही दोघं माझ्यापेक्षा अधिक शिकतील, बोरीच्या राखेचा वाद कदाचित त्यांच्या हयातीत मिटेल, आणि ती आपल्या मुलांना माझ्यापेक्षा खोलातलं सांगतील. घराण्याची गोष्ट अशीच पुढे जाते. माणसं बदलतात, जागा तीच राहते आणि तिच्याविषयीचं ज्ञान वाढत जातं. मात्र त्यासाठी दर पिढीने तिथे एकदा तरी जायला हवं.

म्हणून मुलांनो, येत्या सुट्टीत घरातल्या थोरांना विचारा, आपली नदी कोणती, आपला डोंगर कोणता, लहानपणी तुम्ही कुठे पोहायचात. त्यांचे पाय दुखत असतील तर गाडी ठरवा, पण त्यांना बरोबर घेऊनच जा. ते त्यांच्या आठवणी सांगतील. तुम्ही तिथल्या दगडाला, मातीला, पाण्याला हात लावा आणि "हे असं का?" म्हणून विचारा. उत्तर त्यांना आलं नाही तर घरी येऊन शोधा आणि सापडलं की आधी त्यांनाच जाऊन सांगा.