रिकाम्या पॅकेटच्या जागी सबटायटल

आसेगावात डीडी फ्री डिशची छत्री बसवायची, तर तिचं तोंड आग्नेयेला आणि साधारण ६० अंश वर करावं लागतं. ९३.५ अंश पूर्वेवरचा जीसॅट-१५ उपग्रह वाशिम जिल्ह्यातून त्या दिशेला येतो. छत्रीतून सेट-टॉप बॉक्समध्ये जे उतरतं, ती १८८ बाइटच्या पॅकेटांची न तुटणारी रांग असते. प्रत्येक पॅकेटवर क्रमांक असतो. एका वाहिनीच्या चित्राचा एक, आवाजाचा दुसरा. वाहिनीने सबटायटल द्यायचं ठरवलं, तर त्याला तिसरा.

पण रांगेचा वेग ठरलेला असतो, मग ही तिसऱ्या क्रमांकाची पॅकेटं घुसवायची कुठे? मधेच घुसवली तर मागची सगळी पुढे ढकलली जातात. त्यातल्या काही पॅकेटांत बॉक्सचं घड्याळ जुळवणाऱ्या वेळेच्या नोंदी असतात, त्या उशिरा पोचल्या की घड्याळच डळमळतं. सुदैवाने रांगेत भरतीची रिकामी पॅकेटं असतात. त्यांचा क्रमांक ८१९१, आणि बॉक्स ती बघताक्षणी फेकून देतो. सबटायटल घालणारं यंत्र अशा रिकाम्या पॅकेटची वाट बघतं आणि ते काढून त्याच जागी आपलं बसवतं. बाकी कोणाला धक्का लागत नाही.

खरी कसोटी यापुढे आहे. रिकामी पॅकेटं बऱ्याचदा ओळीने येतात. दिसली तशी सगळी भरून टाकली, तर घरातला बॉक्स गुदमरतो. डीव्हीबी या डिजिटल प्रसारण-पद्धतीच्या सबटायटल मानकात बॉक्सच्या दाराशी फक्त ५१२ बाइटची जागा गृहीत धरली आहे, आणि तिथून माल पुढे सरकतो सेकंदाला १९२ किलोबिट या वेगाने. एक पॅकेट म्हणजे १,५०४ बिट, ते रिकामं व्हायला जवळजवळ ८ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ३० मेगाबिटच्या रांगेत तेच पॅकेट ५० मायक्रोसेकंदांत येऊन थडकतं. लागोपाठ दोन मावतात, ३७६ बाइट होतात. तिसरं आलं की ५६४, म्हणजे सांडलं. सोयाबीन पेरताना चाड्यावरची मूठ सैल सुटली की नळे तुंबतात, तसंच हे. म्हणून यंत्र आपल्या दोन पॅकेटांत सरासरी ८ मिलिसेकंदांचं अंतर राखतं आणि मधली रिकामी पॅकेटं मुद्दाम तशीच जाऊ देतं.

शिवाय प्रत्येक पॅकेटवर ० ते १५ असा फिरता अनुक्रम घालावा लागतो. एखादा आकडा गळला की बॉक्स समजतो, वाटेत काही हरवलं.

अमेरिकेत १९८० साली सबटायटल घालायचं हे काम अ‍ॅनालॉग चित्राच्या २१व्या ओळीत सुरू झालं. त्या ओळीत एका वेळी दोनच अक्षरं मावत, एका फील्डच्या, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींच्या अर्ध्या भागाच्या, वाट्याला सेकंदाला साधारण ६०. पुढे दुसऱ्या फील्डमध्ये कार्यक्रमाचं नाव, वेळ असली माहितीही जाऊ लागली. तिथला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: संवाद आला की माहितीचं पॅकेट अर्ध्यात थांबतं, संवाद जाऊ देतं आणि मग सोडलं तिथून पुढे चालू होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाचं वाक्य आधी, बाकी सगळं नंतर.

त्या ओळीतली अक्षरं मात्र रोमन वळणाची. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. डीव्हीबीच्या पद्धतीत सबटायटलचं छोटं चित्रच पाठवता येतं, त्यामुळे ‘क्ष’, ‘ज्ञ’ किंवा ‘र्‍ह’ बॉक्सला ठाऊक नसले तरी पडद्यावर नीट उमटतात. चित्र म्हटलं की बाइट वाढतात, आणि वरचं अंतराचं गणित मराठीसाठी अधिकच काटेकोर पाळावं लागतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सबटायटल किंवा सांकेतिक भाषेची तरतूद आहे, आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये टीव्हीसाठी सुलभतेची मानकंही काढली. हक्क कागदावर आला. तो पडद्यावर उतरायला वेळही साधावी लागते.

प्रत्येक वाक्यासोबत ते कधी दाखवायचं याचा शिक्का जातो, सेकंदाचे ९०,००० भाग करून मोजलेला. वाक्याचं शेवटचं पॅकेट त्या क्षणाआधी बॉक्समध्ये हवं. मालिकेत मजकूर आधीच तयार असतो, म्हणून यंत्र पॅकेटं आगाऊ, सावकाश सोडतं. थेट बातम्यांत निवेदक बोलल्यावरच कोणीतरी टाइप करतं. तिथे चित्र आणि आवाज काही सेकंद अडवून धरले, तरच ओठ आणि अक्षरं एकत्र येतात.