विश्लेषण : हायब्रीड गटिंगने टेनिसमध्ये ‘स्पिन’ही मिळतो आणि कोपरही वाचते, ते कसे?

राफेल नदालसारखा चेंडू फिरवायचा म्हणून अनेक हौशी टेनिसपटू त्याच्यासारखेच पॉलिएस्टरचे गटिंग रॅकेटवर चढवून घेतात. फटका थोडा अधिक फिरू लागतो, पण काही महिन्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका सुरू होतो. चहाचा कप उचलणे किंवा बाटलीचे झाकण फिरवणेही नकोसे होते. मऊ गटिंगकडे परत जावे तर स्पिन कमी होतो. या पेचावर टेनिसने शोधलेला मधला मार्ग म्हणजे हायब्रीड गटिंग. रॉजर फेडरर आणि नोव्हाक जोकोविच यांच्यासारख्या महान खेळाडूंनी तोच निवडला. मात्र हायब्रीडचेही प्रकार आहेत आणि त्यांतला प्रत्येक हाताला सारखाच मानवत नाही.

हायब्रीड गटिंग म्हणजे काय?

टेनिस रॅकेटमध्ये उभ्या तारांना मेन आणि आडव्या तारांना क्रॉस म्हणतात. बहुतेक आधुनिक रॅकेटमध्ये 16 मेन आणि 19 क्रॉस असतात. काहींमध्ये हे प्रमाण 18 आणि 20 असते. दोन्ही दिशांना एकच तार न वापरता मेनसाठी एक आणि क्रॉससाठी दुसऱ्या प्रकारची तार वापरली, की ते झाले हायब्रीड.

तारांचे ढोबळ चार प्रकार आहेत. पहिला नैसर्गिक गट. ती गाईच्या आतड्यातील तंतूंपासून बनते, सर्वांत मऊ असते आणि सर्वांत महागही. फ्रान्समधील लियाँ शहरातील बाबोला कंपनी 1875 पासून ती बनवते. दुसरा मल्टिफिलामेंट, म्हणजे नायलॉनसारखे शेकडो बारीक धागे एकत्र पिळून केलेली मऊ तार. तिसरा सिंथेटिक गट, म्हणजे मध्ये नायलॉनचा जाड गाभा आणि भोवती धाग्यांचे वेष्टन असलेली स्वस्त तार. चौथा पॉलिएस्टर, अर्थात ‘पॉली’. ही एकसंध, गुळगुळीत आणि कडक तार असते. बहुतेक हायब्रीडमध्ये एक बाजू पॉलीची आणि दुसरी पहिल्या तिघांपैकी एकाची असते.

पॉलीमुळे स्पिन का वाढतो?

तार खडबडीत असेल तर ती चेंडूला अधिक ‘पकडते’ आणि म्हणून स्पिन वाढतो, असा समज फार काळ होता. हायस्पीड कॅमेऱ्यांनी वेगळेच चित्र दाखवले. चेंडू तारांवर जेमतेम 5 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग टेकलेला असतो. टॉपस्पिनच्या फटक्यात रॅकेट खालून वर जाते, तेव्हा चेंडू मेन तारांना बाजूला ढकलतो. त्या क्रॉस तारांवरून घसरतात आणि चेंडू सुटण्याआधी झटक्यात जागेवर परत येतात. परतताना त्या चेंडूला आणखी एक फिरकी देतात. याला ‘स्नॅपबॅक’ म्हणतात. सिडनी विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांच्यासह अनेक संशोधकांनी या यंत्रणेचा अभ्यास केला आहे.

म्हणजे कळीचा मुद्दा तार आणि चेंडू यांच्यातील घर्षणाइतकाच तार आणि तार यांच्यातील घर्षणाचा आहे. हे दुसरे घर्षण जितके कमी, तितक्या मेन तारा मोकळेपणाने सरकतात आणि परततात. पॉली गुळगुळीत आणि कडक असल्याने हे काम उत्तम करते. नायलॉनवर नायलॉन घासले की खाचा पडतात, तारा एकमेकींत अडकतात आणि सरकलेल्या जागीच राहतात. दोन गुणांमध्ये बोटांनी तारा सरळ करत उभा असलेला खेळाडू दिसतो, त्यामागचे हे कारण.

पॉलीचा दुसरा गुण म्हणजे ती चेंडूला कमी वेग देते. त्यामुळे खेळाडू पूर्ण ताकदीने रॅकेट फिरवू शकतो, तरी चेंडू मैदानात पडतो. रॅकेटचा वेग वाढला की स्पिनही वाढतो.

हा बदल टेनिसमध्ये कधी आला?

तारा मोकळ्या सरकल्या तर काय होते, याची झलक 1977 मध्येच मिळाली होती. तेव्हा ‘स्पगेटी’ रॅकेट गाजत होती. तिच्यात उभ्या तारा आडव्या तारांमध्ये विणलेल्याच नव्हत्या. ऑक्टोबर 1977 मध्ये फ्रान्समधील एक्स-ऑन-प्रोव्हान्सच्या अंतिम सामन्यात इली नस्तासेने ही रॅकेट घेऊन गिलेर्मो विलासविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले. वैतागलेल्या विलासने सामना अर्ध्यावर सोडला आणि त्याची क्ले कोर्टवरील सलग 53 विजयांची मालिका संपली. आंतरराष्ट्रीय महासंघाने या रॅकेटवर बंदी घातली आणि 1978 मध्ये नियमांत प्रथमच रॅकेटची व्याख्या केली.

त्यानंतर 20 वर्षांनी नियमांत बसणाऱ्या मार्गाने तोच परिणाम साधला गेला. 1997 मध्ये जागतिक क्रमवारीत 66 व्या स्थानी असलेल्या ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने फ्रेंच ओपन जिंकली. त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीची पॉली तार होती. पुढच्या काही वर्षांत व्यावसायिक टेनिस पॉलीमय झाले. हायस्पीड चित्रीकरणावरून केलेल्या मोजणीत पीट सॅम्प्रास आणि आंद्रे अगासी यांच्या फोरहँडचा सरासरी स्पिन मिनिटाला 1,800 ते 1,900 फेऱ्यांच्या आसपास, फेडररचा सुमारे 2,700, तर नदालचा सुमारे 3,200 आढळला होता. अर्थात या वाढीचे श्रेय एकट्या तारेचे नाही. ग्रिप, स्विंग आणि हलक्या रॅकेट यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

मग कोपर का दुखते?

मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेने जोडलेले असतात. तिच्यावर वारंवार ताण येऊन ती झिजू लागते, तो ‘टेनिस एल्बो’. हा आजार टेनिसपुरता नाही. महाराष्ट्रात तो घरोघरी माहीत झाला, तो सचिन तेंडुलकरमुळे. 2004 मध्ये त्याला या दुखण्याने मैदानाबाहेर ठेवले आणि 2005 मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

प्रयोगशाळेतील मोजणीत पॉली ही नैसर्गिक गटच्या दुप्पट किंवा त्याहूनही कडक भरते. कडक तार कमी दबते, म्हणून चेंडूचा धक्का कमी वेळात आणि अधिक जोराने हातापर्यंत पोहोचतो. रॅकेटच्या मध्यभागी फटका बसला तर तो फारसा जाणवत नाही. कडेला बसला तर जाणवतो, आणि हौशी खेळाडूंचे कडेला बसणारे फटके व्यावसायिकांपेक्षा कितीतरी अधिक असतात. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर कंडरा लवकर सावरत नाही, हेही त्यात मिसळते. वाढत्या वयातील मुलांना पूर्ण पॉली देऊ नये, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात, तेही याच धक्क्यामुळे.

तारांवर बसवायचा रबरी डॅम्पनर या धक्क्यावर उपाय नाही. तो तारांचा ‘टिंग’ आवाज बंद करतो. फ्रेममधून हातात जाणारी कंपने त्याने फारशी घटत नाहीत.

फेडरर-जोकोविच यांची पद्धत कोणती?

दोघांनीही मेनमध्ये नैसर्गिक गट आणि क्रॉसमध्ये पॉली वापरली. मेन तारा लांब असतात, त्या अधिक दबतात आणि फटक्याचा ‘फील’ प्रामुख्याने त्याच ठरवतात. म्हणून मऊ तार मेनमध्ये घातली की हाताला सर्वाधिक आराम मिळतो. शिवाय नैसर्गिक गट गुळगुळीत पॉलीवरून चांगली सरकते आणि तिची लवचिकता तिला झटक्यात परत आणते. त्यामुळे स्पिनही फारसा कमी होत नाही. हाताला जपत स्पिन मिळवायचा असेल, तर ही जोडी सर्वांत पुढे ठेवावी लागेल.

अडचणी दोन. ही तार पॉलीच्या कितीतरी पट महाग आहे आणि ओलाव्याने फुगून तिचे धागे सुटतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळी हवेत तिला जपावे लागते. प्राणिज असल्याने ती अनेकांना नकोही असते. त्यांच्यासाठी मेनमध्ये मल्टिफिलामेंट हा पर्याय आहे. हाताला तो जवळजवळ तितकाच सुखाचा असतो. मात्र मल्टिफिलामेंटमध्ये खाचा लवकर पडतात आणि मग स्नॅपबॅक मंदावतो.

या रचनेत क्रॉसची पॉली गोल आणि गुळगुळीत हवी. पंचकोनी, षटकोनी अशा धारदार कडांच्या पॉली ‘स्पिनसाठी’ म्हणून विकल्या जातात. त्या क्रॉसमध्ये घातल्या तर मऊ मेन तारा करवतीसारख्या कापतात.

स्वस्त पर्याय कोणता?

उलट रचना, म्हणजे मेनमध्ये पॉली आणि क्रॉसमध्ये मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट. ही टिकते अधिक आणि खर्चही कमी. नियंत्रण आणि स्पिन पहिल्या काही तासांत चांगला मिळतो. पूर्ण पॉलीपेक्षा ती मऊ असते, पण मेन पॉलीचीच असल्याने पहिल्या रचनेइतकी मऊ नसते. ज्यांचे कोपर ठणठणीत आहे आणि ज्यांच्या तारा वारंवार तुटतात, त्यांच्यासाठी ती योग्य. ज्यांना आधीच दुखणे आहे त्यांनी मेनमध्ये पॉली टाळलेली बरी. घालायचीच असेल तर ‘सॉफ्ट’ प्रकारातील आणि साधारण 1.20 ते 1.25 मिलिमीटर जाडीची बारीक तार निवडावी.

दोन वेगवेगळ्या पॉली एकत्र करूनही हायब्रीड होते. मेनमध्ये कडा असलेली, क्रॉसमध्ये गुळगुळीत. स्पिनसाठी ती उत्तम, मात्र कोपराच्या दृष्टीने ती पूर्ण पॉलीच.

खर्च वाचवण्याचा एक मार्ग सोपा आहे. तारेच्या एका सेटची लांबी साधारण 12 मीटर असते आणि हायब्रीडला प्रत्येक प्रकारची अर्धीच लागते. पॉलीचा एक आणि मल्टिफिलामेंटचा एक सेट घेतला, तर दोन वेळचे गटिंग होते.

ताण किती ठेवावा?

शिफारस केलेला ताण रॅकेटच्या फ्रेमवर पाऊंडात छापलेला असतो, उदाहरणार्थ 50 ते 60. पॉली मुळात कडक असल्याने ती मऊ तारेपेक्षा 2 ते 4 पाऊंड सैल ठेवण्याचा प्रघात आहे. अशा रॅकेटमध्ये सुरुवात म्हणून मल्टिफिलामेंटला 52 पाऊंड (सुमारे 23.6 किलो) आणि पॉलीला 48 ते 50 पाऊंड ठेवता येतात. पुढच्या वेळी चेंडू बाहेर जात असेल तर दोन पाऊंड वाढवावेत, हात दुखत असेल तर दोन पाऊंड उतरवावेत. एका वेळी एकच बदल केला, तरच कशाचा परिणाम झाला हे कळते. तार आणि ताण दोन्ही एकदम बदलले तर काहीच कळत नाही.

‘घट्ट गटिंग म्हणजे चांगले गटिंग’ ही क्लबांमधली जुनी समजूत नायलॉनच्या काळातील आहे. पॉली 58-60 पाऊंडावर ताणणे म्हणजे कोपराच्या दुखण्याला निमंत्रण.

गटिंग कधी बदलावे?

हौशी खेळाडूची फसगत बहुधा इथे होते. नायलॉन तुटते, म्हणून बदलली जाते. पॉली तुटत नाही, म्हणून वर्षभर तशीच राहते. प्रत्यक्षात ती ताण झपाट्याने गमावते. साधारण 10 ते 20 तासांच्या खेळानंतर तिची झटक्यात परतण्याची क्षमता ओसरते. अशी ‘मेलेली’ पॉली स्पिन देत नाही, चेंडू कुठे जाईल याचा नेम राहत नाही आणि फटक्यात जीव आणण्यासाठी खेळाडू हात अधिक आवळतो. व्यावसायिक खेळाडू सामन्यात पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेमनंतर नवे चेंडू येतात, तेव्हा अनेकदा रॅकेटही बदलतात. त्यांची पॉली ‘मरेपर्यंत’ वापरलीच जात नाही. त्यांचे गटिंग उचलताना ही सवयही उचलावी लागते.

आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास खेळणाऱ्याचे 20 तास साडेचार आठवड्यांत भरतात. दर महिन्या-दीड महिन्याला गटिंग परवडत नसेल, तर पॉली सोडून मल्टिफिलामेंट किंवा सिंथेटिक गट घेणे हाताच्या आणि खिशाच्या दृष्टीने शहाणपणाचे. बहुतेक वेळा मेलेल्या पॉलीपेक्षा ताजी सिंथेटिक गट चांगली खेळते.

गटिंग बदलले की कोपर बरे होते का?

गटिंगने धक्का कमी होतो, झालेली इजा भरून येत नाही. दुखणे सुरू असेल तर विश्रांती, डॉक्टरांचा सल्ला आणि फिजिओथेरपीतील मनगटाचे सावकाश, वजनासह केलेले व्यायाम यांना पर्याय नाही. उशिरा मारलेला एकहाती बॅकहँड, रॅकेट गच्च आवळून धरण्याची सवय, चुकीच्या मापाची ग्रिप, फार हलकी आणि ताठ फ्रेम, जुने भिजलेले चेंडू ही कारणे तशीच राहिली, तर सर्वांत महाग तारही उपयोगी पडत नाही.

स्पिनचेही तसेच आहे. त्यातला मोठा भाग रॅकेट खालून वर किती वेगाने जाते यावर ठरतो, तार त्यात थोडी भर घालते. म्हणून ज्याचा स्विंग अजून सपाट आहे, त्याने आधी मऊ गटिंगवर फटका घडवावा. फटका फिरू लागला, तारा जागेवरून सरकू लागल्या किंवा वारंवार तुटू लागल्या, की हायब्रीडची वेळ आली असे समजावे. तेव्हाही मऊ मेन आणि गुळगुळीत पॉली क्रॉस यांच्यापासून सुरुवात करणे कोपरासाठी सर्वांत सुरक्षित.